उडालं का परत?

गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे ओल्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग दिसला. देठांना अजून माती चिकटलेली, वर पाण्याचा शिपका मारलेला. मी कोथिंबीर घेतली, लिंबं घेतली आणि निघाले. "अहो ताई, शेंगा नकोत? आजच आल्यात," तिनं मागून विचारलं. "उद्या बघू," म्हटलं. खरं तर मीठ घालून उकडलेल्या शेंगा म्हणजे माझा जीव की प्राण. पण त्या वासाबरोबर गेल्या वर्षीचा ऑक्टोबर येतो, आणि तो आला की मी आपल्याच घरात अंग चोरून वावरायला लागते.

पुण्यातल्या या दिवसांना धड नाव नाही. पाऊस गेलेला असतो, पण निरोप घेऊन गेलेला नसतो. सकाळी खिडकी उघडली की किंचित गारवा, आणि दहा-अकरा वाजले की ऊन नुसतं चावत सुटतं. टेकडीवरचं गवत वाळायला लागतं, त्याचा गरम, गोडसर वास कर्वेनगरच्या गल्ल्यांपर्यंत येतो. गच्च्यांवर गाद्या आणि उशा उन्हात पडलेल्या असतात. शाळांच्या सहामाही परीक्षा चालू असतात, त्यामुळे सोसायटीच्या आवारात दुपारी चिटपाखरू नसतं. संध्याकाळी ढग जमतात, मोठ्या तोऱ्यात गडगडतात आणि रस्ता जेमतेम भिजवून निघून जातात.

गेल्या वर्षी याच दिवसांत नाना, माझे सासरे, अंथरुणाला खिळले होते. गणपतीच्या सुमारास बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळत आलं, पण छातीत कफ धरला तो काही हटेना. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी समीरला, माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं, की आता जेवढे दिवस आहेत तेवढे आरामात जाऊ द्या. समीर सकाळी हिंजवडीला जाणार तो दिवे लागल्यावर परतणार. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मी बिनपगारी रजा घेतली.

आमच्या मुलीची, मुक्ताची, खोली नानांना दिली, कारण तिलाच लागून बाथरूम होतं. लोखंडी पलंग आला, वाफ घ्यायचं यंत्र आलं, डेटॉलचा आणि पावडरचा वास आला. मुक्ता तेव्हा सातवीत होती. तिचा कॉम्प्युटर उचलून आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला. नानांच्या पलंगापासून टेबल चार पावलांवर, मध्ये एक दार. ते दार दिवसभर उघडं असायचं, नानांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

मुक्ताला ठोकळ्यांनी घरं बांधायच्या त्या गेमचं वेड होतं. त्याआधी मला त्या वेडाची फक्त पाठ माहीत होती. मी संध्याकाळी दमून घरी येणार, आणि ती कानाला हेडफोन लावून पडद्याकडे तोंड करून बसलेली. मी "अभ्यास झाला का?" विचारणार, ती मान हलवणार. आमचं बोलणं बहुतेक तेवढंच. पण टेबलावर आल्यावर नाइलाज झाला. मी तिथंच भाजी निवडायची, तिथंच नानांच्या गोळ्या काढून ठेवायची. नानांची हाक ऐकू यायला हवी म्हणून हेडफोनला मी बंदी घातली. त्यामुळे गेममधले सगळे आवाज घरभर यायला लागले.

पहिल्याच दिवशी आतून नानांचा आवाज आला. "घरात गाय कुठून आली?"

"कॉम्प्युटरमधली आहे आजोबा," मुक्ता ओरडली.

"मग तिला कॉम्प्युटरमध्येच हंबरू द्या."

त्याच आठवड्यात मुक्तानं मला मॉड म्हणजे काय ते सांगितलं. मूळ गेम असतो तसा असतो. पण जगभरात हौशी लोक बसलेले असतात, ते त्यात घालायला नवेनवे तुकडे तयार करून फुकट ठेवतात. एकानं झाड तोडलं की ते अख्खं खाली कोसळेल अशी सोय केलेली, दुसऱ्यानं स्वयंपाकघर आणि भांडीकुंडी आणलेली, तिसऱ्यानं ऋतू आणलेले. ती फाइल उतरवून घ्यायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, गेम चालू करायचा. ऐकायला एवढंच. प्रत्यक्षात मॉड गेमच्या ज्या आवृत्तीसाठी बनवला असेल तीच आवृत्ती हवी. काही मॉडना आधी दुसराच एक मॉड लागतो, तो नसला तर ते रुसून बसतात. आणि काहींचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. मग गेम उघडता उघडता पट्टी अर्ध्यापर्यंत भरते, पडदा काळा होतो आणि खिडकी फटकन बंद. मागे उरतो इंग्रजीतला लांबलचक मजकूर.

तो मजकूर बघून मुक्ता हात टेकायची. "आई, हे कोण वाचणार?"

आयुष्यभर कॅटलॉग वाचलेल्या बाईला हा काय प्रश्न झाला? मी चष्मा लावला. गवार बाजूला सारली. शंभर निरर्थक ओळींत एक ओळ असायचीच, की अमुक गोष्ट हवी होती ती सापडली नाही. मी बोट ठेवून दाखवलं, मुक्तानं ती गोष्ट शोधून आणली, गेम चालू केला. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, आणि गेम परत उडाला. पण यावेळी निराळ्या कारणानं उडाला, याचाच आम्हाला कोण आनंद! मुक्तानं माझ्या हातावर टाळी दिली. शेवटची टाळी तिनं कधी दिली होती ते मला आठवेना.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी कामाला लावलेल्या मावशी येऊन नानांना अंघोळ घालून जायच्या. मी वाफ द्यायची, पेज भरवायची. मुक्ता पेपर देऊन परत आली की आम्ही दोघी टेबलाशी. मध्ये उकडलेल्या शेंगांचा वाडगा. उद्याच्या पेपरचा थोडा अभ्यास, मग एक मॉड. सालं माऊसखाली जायची, की-बोर्डवर मीठ सांडायचं. वर पंखा, आत वाफेच्या यंत्राची घरघर, बाहेर रणरणतं ऊन. कोणता मॉड बिघडवतोय हे कळेना, तेव्हा अर्धे काढून बघायचे, मग उरलेल्यातले अर्धे, असं करत करत गुन्हेगार पकडायचा. सापडला की मुक्ता त्याला नाव ठेवायची, आणि मी हसत सुटायची. तिला असं तिरकस बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. ते नानांकडून आलं होतं.

नानांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. ते नुसतं ऐकत. हळूहळू त्यांना आमच्या आवाजांची नाडी सापडली. दोघी गप्प झालो, की गेम उघडतोय. मग "अरेरे" आलं, की आतून प्रश्न, "उडालं का परत?"

"उडालं आजोबा."

"बांधायला बसलायत की पाडायला, ते एकदा ठरवा."

आणि लागला मॉड, आम्ही ओरडलो, की, "लागलं वाटतं. आता चहा मिळेल."

ऋतूंच्या मॉडनं आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. त्याचं आणि स्वयंपाकघराचं काही केल्या जमेना. शेवटी दोन्हींच्या थोड्या जुन्या आवृत्त्या शोधून लावल्या तेव्हा कुठे जमलं. त्या दुपारी पडद्यावरचं अख्खं रान तांबूस-पिवळं झालं. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"आपल्याकडे असा ऋतू का नसतो गं आई? आपल्याकडे नुसता पाऊस, आणि मग थंडी."

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर आवाज आला. "शरद म्हणतात त्याला. खिडकीतून बघ. फुकट आहे, आणि उडतही नाही."

हे सगळं लिहिताना आत्ताही मला हसू येतंय, आणि तिथंच माझं दुखणं आहे. त्या दिवसांत माझ्या घरात एक माणूस संपत चाललं होतं. रोज त्यांच्या मांडीवरचं मांस कमी होत होतं, पेजेचे घास कमी होत होते. मी ते बघत होते, पुसत होते, भरवत होते, त्यात कसूर केली नाही. पण त्या आजारामुळेच मला रजा मिळाली, त्या आजारामुळेच माझी मुलगी टेबलाशी आली. मी त्या महिन्याइतकी सुखी लग्नानंतर क्वचितच असेन. सकाळी जाग आली की आधी आठवायचा तो काल अर्धवट राहिलेला मॉड. आणि नानांचा खोकला त्यानंतर.

बाहेरच्यांना अर्थातच हे दिसत नव्हतं. दारावरची बेल वाजली की मुक्ता आवाज बंद करायची आणि मी तोंडावरून हात फिरवून दुसरा चेहरा लावायची. सदाशिव पेठेतून माझ्या चुलत सासूबाई आल्या, नानांच्या उशाशी बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढं करतेस गं! नोकरीवर पाणी सोडलंस. वाळलीस अगदी."

मी मान खाली घातली. नानांनी डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवून म्हणाले, "करतीये ना. घर बांधतीये."

काकूंना त्यात आशीर्वाद ऐकू आला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले.

पुढे, सगळं संपल्यावर, एकदोनदा मी खरं सांगायचाही प्रयत्न केला. शेजारच्या देशपांडेबाई म्हणाल्या, "तुम्ही केलंत तसं पोटची मुलगीही करणार नाही." मी म्हटलं, "अहो, मी मजेत होते त्या दिवसांत. खरंच." त्या माझ्याकडे कौतुकानं बघून म्हणाल्या, "हा तुमचा मोठेपणा." त्यानंतर मी नाद सोडला.

पोटची मुलगी म्हणजे वैदेहीताई, माझी नणंद. ती बंगळुरूला असते. तिचे यजमान फिरतीवर, मुलगा बारावीला, तिची स्वतःची शाळेतली नोकरी. ती रोज दुपारी शाळा सुटली की फोन करायची. नेमका तेव्हाच आमचा गेम रंगात आलेला असायचा. मी फोन घेऊन गॅलरीत जायची आणि माझा आवाज आपोआप खाली उतरायचा. "चाललंय ताई. कालच्यासारखंच. जेवण फारसं जात नाही." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आवाज माझा नव्हता. दोन मिनिटांपूर्वी मी पोट धरून हसले होते, हे त्या आवाजाला माहीत नव्हतं. मग फोन नानांच्या कानाशी धरायचा. ती रडवेली व्हायची, ते "मी ठीक आहे" म्हणायचे, त्यांना धाप लागायची, की मी फोन काढून घ्यायची. हळूहळू ती दिवसाआड करायला लागली, मग त्याहूनही कमी. मी मनात म्हटलं, गुंतली असेल कामात.

एकदा असाच फोन ठेवला आणि मी नानांची उशी सारखी करत होते. त्यांनी विचारलं, "तिला काय सांगितलंस?"

"हेच. कालच्यासारखंच आहे म्हणून."

"मग आवाज असा का काढलास?"

मी उशीची खोळ ताणत राहिले. त्यांनीही परत विचारलं नाही. खिडकीकडे तोंड केलं.

कोजागरीच्या दोन-तीन दिवस आधी ताईनं विचारलं, "मी येऊ का गं चार दिवस? रजा टाकते. इथं मन लागत नाही."

गॅलरीतून मला आतलं टेबल दिसत होतं. मुक्ताच्या परीक्षा संपत आल्या होत्या, पुढे सुट्टी होती. आम्ही दोघींनी मनसुबे रचले होते. ताई आली की हॉलमध्ये तिचं अंथरूण, टेबल पुन्हा जेवणाचं, कॉम्प्युटर गुंडाळलेला, मी दिवसभर त्या पडक्या आवाजात. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि मी म्हटलं, "आत्ता घरात फार गडबड आहे हो ताई. त्यांनाही दगदग होते माणसं आली की. दिवाळीला निवांत या ना, सगळेच."

"बरं," ती म्हणाली. "तुला जड होत असेल तर नको." तिनं दिवाळीचं तिकीट काढलं.

नाना दिवाळी बघायला राहिले नाहीत. वसुबारसेच्या आधीच एका सकाळी त्यांचा श्वास लागला, समीरनं ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. ताई संध्याकाळच्या विमानानं आली. ती आली तेव्हा त्यांचे हात गार पडून बराच वेळ झाला होता. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू होतीस म्हणून गं." मी तिला थोपटत राहिले.

नंतर मुक्ताची खोली मुक्ताला परत मिळाली. कॉम्प्युटर आत गेला. मी नोकरीवर रुजू झाले. गेमची नवी आवृत्ती आली, आम्ही लावलेले मॉड तिच्यात चालेनात. "लावू या का परत?" मुक्तानं विचारलं होतं. मी म्हटलं, "तू लाव. आता येतं की तुला." ती माझ्याकडे बघत राहिली. मला त्या टेबलाशी पुन्हा बसवेना. माझ्या त्या भित्रेपणाची किंमत तिनं का द्यायची, हे आजही मला नीट सांगता येणार नाही. ती आता पुन्हा हेडफोन लावते.

परवा नानांचं वर्षश्राद्ध झालं. ताई त्यासाठी आली होती. गुरुजी गेले, पानं उठली, पातेली घासून झाली. समीर काकूंना सोडायला पेठेत गेला. ताईनं पिशवीतून एक गर्द निळी इरकल काढून माझ्या हातात ठेवली. "नाही म्हणू नकोस. मी करायला हवं होतं ते तू केलंस. एकटीनं. मी इथं नव्हते, हे मला जन्मभर पुरेल."

मुक्ता कोचावर पाय वर घेऊन बसली होती. ती आता आठवीत आहे, पण बोलायला अजून लहानच. म्हणाली, "एकटीनं कुठे? मी होते की. काय मज्जा यायची आत्या तेव्हा! आम्ही दिवसभर मॉड लावायचो, आणि आजोबा आतून ओरडायचे, उडालं का परत? आई तर हसून हसून खुर्चीवरून पडली होती एकदा."

ताई हसली. हसू तोंडावर राहिलं, आणि डोळ्यांतून मात्र हळूहळू निघून गेलं. "नाना ओरडायचे?" तिनं विचारलं. "एवढा आवाज होता त्यांना?"

"मग! गाईला पण ओरडले होते."

मी साडी टेबलावर ठेवली आणि गॅलरीत गेले. थोड्या वेळानं ताई आली, शेजारी उभी राहिली. खाली कुणीतरी गादी झटकत होतं.

"मला तर वाटायचं, त्यांच्यानं बोलवतही नाही," ती म्हणाली. "तुझा आवाज ऐकला की मला फोन करायचीच भीती वाटायची. वाटायचं, ही एवढी पिचलीये, त्यात आपण रोज काय फोन करून विचारायचं? म्हणून कमी केले."

"हो ताई. मी तसा आवाज काढायची. नानांनीही विचारलं होतं मला, असा आवाज का काढतेस म्हणून."

"नानांनी?"

"हो."

ती कठड्यावर बोट घासत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोजागरीच्या आधी मी येऊ का म्हणून विचारलं होतं. तू म्हणालीस, घरात गडबड आहे."

"हो."

"ती हीच गडबड?"

सांगायला कितीतरी होतं. त्यांना दगदग होत होती हेही खोटं नव्हतं. एवढ्या लवकर जातील असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. पण हे सगळं खरं मी वर्षभर स्वतःला सांगून बघितलं होतं.

"हीच," मी म्हटलं.

ताईनं मान हलवली. रडली नाही. "मी तुला काही बोलणार नाही अश्विनी. तू त्यांचं सगळं केलंस, ते खोटं नाही. पण मला राग आलाय. खूप आलाय. तो राहू दे थोडे दिवस. लगेच समजूत घालायला येऊ नकोस."

"नाही येणार," मी म्हटलं.

ती आत गेली. मला वाटलं, बॅग भरायला गेली. पण ती मुक्ताच्या शेजारी कोचावर बसली आणि म्हणाली, "आजोबा काय काय म्हणायचे, सांग मला. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

मुक्ता सांगायला लागली. तिचं मागचंपुढचं सगळं चुकत होतं. ऋतूंचा मॉड तिनं पहिल्याच दिवशी लावून टाकला, गाय शेवटी आणली, आणि शरदबद्दल नाना जे बोलले होते ते तिनं माझ्या तोंडी घातलं. मला प्रत्येक शब्द जसाच्या तसा पाठ होता. मी गॅलरीतच उभी राहिले. दुरुस्त करायला आत गेले नाही.